गुंडाळलेले सूत्र : मालवणचे आघारकर, पुण्यातला हायड्रा आणि जनुकांची जाग

थंडीच्या दिवसांत मिठबावच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढली जाते, तेव्हा जाळ्यात मासळीबरोबर पुष्कळ नको असलेलेही येते. बांगडे, तारल्या टोपल्यांत जातात आणि पारदर्शक, थुलथुलीत जेलीफिश वाळूवर तशाच टाकून दिल्या जातात. मी वाकून एकीकडे पाहू लागलो, तेव्हा एका वयस्क रापणकरांनी हटकले, ‘‘ओ, हात लावू नकात, आग होतली.’’ तासाभराने ऊन चढले आणि त्या जिवाची वाळूवर फक्त एक ओलसर खूण उरली. शरीरात जवळजवळ पाणीच असल्यावर दुसरे काय उरणार?

मिठबाव या नावात मीठ आणि बाव (म्हणजे विहीर) असे दोन शब्द ऐकू येतात. खाऱ्या पाण्याच्या काठावर गोड्या पाण्याची आठवण, असे काहीसे. त्या सकाळी मला आठवण झाली ती इथून दक्षिणेला असलेल्या मालवणात जन्मलेल्या एका माणसाची. त्याने जेलीफिश शोधली ती समुद्रात नव्हे, सह्याद्रीच्या कुशीतल्या गोड्या पाण्यात. त्याचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव सहसा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते बहुधा गोपाळ गणेश आगरकरांत मिसळून गेलेले असते. या घोटाळ्याला पुणे महानगरानेही हातभार लावला आहे: आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर पथ. एका ‘घ’ची आणि एका काना-मात्रेची ही गफलत दुरुस्त करणे हा या लेखाचा एक लहानसा हेतू आहे. मोठा हेतू वेगळा आहे. जिवंत पेशीत ‘वाढ’ नावाची गोष्ट सुरू होताना आत नेमके काय उघडते, या प्रश्नाचा इतिहास मला सांगायचा आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा मालवणच्या किनाऱ्यापासून निघून पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत येतो, हे दाखवायचे आहे.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्ट्यांत ते कोयना आणि वेण्णा या नद्यांच्या खोऱ्यांत हिंडत, प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा करीत. या भटकंतीत त्यांना ओढ्याच्या डोहांत नाण्याएवढ्या जेलीफिश तरंगताना दिसल्या. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन ॲनंडेल यांनी १९११-१२ च्या सुमारास या जिवाचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. या शोधाचे महत्त्व कौतुकापुरते नव्हते. या कुळातील प्राणी तोवर आफ्रिकेतील टांगानिकासारख्या जलाशयांतच माहीत होते. तो सातारा जिल्ह्यात सापडल्याने आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्या प्राचीन भूसंबंधांच्या चर्चेला एक सजीव साक्षीदार मिळाला.

यानंतरची हकीकत त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. कलकत्ता विद्यापीठात आघारकरांची वनस्पतिशास्त्राच्या रासबिहारी घोष अध्यासनावर नेमणूक झाली, आणि पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. तेवढ्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि स्थानबद्ध झाले. बर्लिनची डॉक्टरेट त्यांना मिळाली ती १९१९ मध्ये. पुढे १९४६ पर्यंत कलकत्त्यात अध्यापन केल्यावर, आयुष्याच्या अशा वळणावर की जिथे इतर लोक पेन्शनीची आकडेमोड करतात, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी नावाची संस्था काढली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये जे उभारले त्या धर्तीचे काही महाराष्ट्रात असावे, हा त्यामागचा विचार नावावरूनच कळतो. १९६० मध्ये निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आता हा धागा इथेच ठेवून दुसरा उचलू.

जर्मनीतील कील येथे वाल्थर फ्लेमिंग हा शरीररचनाशास्त्रज्ञ सॅलॅमँडरच्या डिंभांच्या पेशी नव्याने उपलब्ध झालेल्या कृत्रिम रंगांत बुडवून पाहत होता. पेशीच्या केंद्रकातला एक पदार्थ तो रंग आधाशीपणाने शोषून घेतो, हे त्याला दिसले. रंगासाठी असलेल्या ‘क्रोमा’ या ग्रीक शब्दावरून त्याने १८७९ मध्ये त्या पदार्थाला ‘क्रोमॅटिन’ म्हटले. हे नाव तात्पुरते आहे, पदार्थाचे रासायनिक स्वरूप कळेपर्यंत चालवून घ्यावे, असे त्याचे म्हणणे होते. रासायनिक स्वरूप कळले, पण नाव काही गेले नाही. पुढे १८८८ मध्ये वाल्डेयर याने विभाजनाच्या वेळी दिसणाऱ्या दांड्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव दिले.

इथे मराठीचा विचार करण्यासारखा आहे. क्रोमोसोमला आपल्याकडे आधी ‘रंगसूत्र’ म्हणत. आता पाठ्यपुस्तकांत ‘गुणसूत्र’ रूढ झाले आहे. वरवर पाहता हा किरकोळ बदल वाटतो, पण तो तसा नाही. ‘रंगसूत्र’ हे नाव डोळ्याला काय दिसले ते सांगते. ‘गुणसूत्र’ हे नाव त्या वस्तूने काय करावे हे आधीच ठरवून टाकते: माणसाचे गुण त्यात आहेत. आणि ‘गुण’ म्हटले की मराठी कानाला स्वभाव ऐकू येतो, पत्रिकेतले जुळणारे गुण ऐकू येतात, ‘जात्याच’ ऐकू येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनुक म्हणजे विधिलिखित अशी जी एक समजूत सुशिक्षित मराठी घरांत शिरली, तिला या शब्दानेही थोडी वाट करून दिली असे मला वाटते.

‘सूत्र’ हा शब्द मात्र आपल्या पूर्वसूरींनी अजाणता फार नेमका निवडला. सूत्र म्हणजे धागा. आणि सूत्र म्हणजे पाणिनीचे किंवा बादरायणाचे असते तसे अतिसंक्षिप्त वचनही. अशा वचनाचा अर्थ त्याच्या शब्दांतून थेट मिळत नाही. कुठे थांबायचे, कुठून अनुवृत्ती घ्यायची, काय वगळायचे, हे भाष्यकार ठरवतो. एकाच ब्रह्मसूत्रातून शंकराचार्य अद्वैत काढतात आणि मध्वाचार्य द्वैत. पेशीचेही असेच आहे. आपल्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींत सूत्रे तीच आहेत. भाष्य निराळे आहे. हे भाष्य जिथे लिहिलेले असते ती जागा म्हणजे क्रोमॅटिन.

उपमा इथे थोडी बाजूला ठेवून वस्तूकडे पाहू. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर लांब भरेल, आणि त्याला राहायचे असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. त्यामुळे तो गुंडाळावा लागतो. गुंडाळायला रीळ असते: हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ रेणू एकत्र येऊन एक रीळ बनते, आणि डीएनएच्या सुमारे १४७ जोड्या त्याभोवती पावणेदोन वेढ्यांहून थोड्या कमी अशा बसतात. अशी रिळे एकापुढे एक, माळेतल्या मण्यांसारखी. ही रचना १९७४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओलिन्स दांपत्याला दिसली आणि रॉजर कॉर्नबर्ग याने तिचे गणित मांडले. हिस्टोन मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आल्ब्रेख्त कोसेल याने ते १८८४ मध्येच, हंसाच्या रक्तपेशींतून वेगळे केले होते. म्हणजे रिळे हाती आल्यावर त्यांना धागा गुंडाळतात हे कळायला नव्वद वर्षे लागली. मधल्या काळात बहुतेकांनी त्यांना वेष्टनाचा कागद समजून दुर्लक्षिले.

सगळ्यांनी नाही. एमिल हाइट्झने १९२८ मध्ये शेवाळांच्या पेशी रंगवताना पाहिले होते की क्रोमॅटिनचा काही भाग कायम गडद, आवळलेला राहतो आणि काही भाग फिकट, सैल होतो. गडद भाग मुका आणि सैल भाग बोलका असावा, असा त्याचा तर्क. सैल होणे म्हणजे बोलणे, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसले ते १९५० च्या दशकात, एका डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटाच्या अळीत. या अळीच्या लाळग्रंथींत गुणसूत्रे शेकडो-हजारो पदरी होतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यांवरचे पट्टे दिसतात. व्होल्फगांग बेअरमान याने १९५२ मध्ये दाखवले की काही पट्टे ठरावीक ठिकाणी फुगतात, आणि कोणते फुगतात ते अवयवानुसार व वयानुसार बदलते. मग १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी अळीला कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, आणि अर्ध्या तासाच्या आत नेमके ठरलेले पट्टे फुगू लागले. हे संप्रेरक ज्या परिश्रमाने मिळाले तेही सांगितले पाहिजे: कार्लसन आणि बुटेनांट यांनी ५०० किलो रेशीमकिड्यांच्या कोशांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम एवढे मिळवले होते. वाढीचा निरोप बाहेरून आला, आणि आत गुंडाळलेला धागा त्याच जागी सुटला. ‘वाढ’ या अमूर्त शब्दाला यापूर्वी असे दृश्य रूप कधी आले नव्हते.

सुटला, पण सोडवला कुणी? या प्रश्नाचे पहिले रासायनिक उत्तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मिळाले. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑल्फ्री, फॉकनर आणि मर्स्की यांनी मांडले की हिस्टोनांवर ॲसिटिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट चढतो आणि उतरतो. डीएनए ऋणभारित, हिस्टोनांच्या मोकळ्या शेपट्या धनभारित. म्हणून दोघे घट्ट बिलगतात. ॲसिटिल चढला की शेपटीचा धनभार मावळतो आणि मिठी ढिली पडते. दोन वर्षांनी याच गटाने माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घेतल्या. या पेशी स्वस्थ बसलेल्या असतात. त्यांना घेवड्याच्या बियांतून काढलेले एक प्रथिन दिले की त्या वाढू आणि विभागू लागतात. प्रयोगात दिसले ते असे की नवा आरएनए बनण्याचा वेग वाढण्याच्या आधीच हिस्टोनांवर ॲसिटिल चढू लागतो. आधी गाठ सैल, मग वाचन. हा क्रम महत्त्वाचा होता. त्यावरचा वाद पुढे येईल.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात देखणा प्रयोग ऑल्फ्रीनेच, उतारवयात, १९८७ मध्ये चेन या सहकाऱ्याबरोबर केला. उंदराच्या ज्या पेशींना रक्तद्रव न देता उपाशी ठेवले आहे त्या वाढत नाहीत. रक्तद्रव दिला की काही मिनिटांतच ‘सी-फॉस’ हे जनुक जागे होते, थोड्या वेळाने ‘सी-मिक’. ही दोन्ही वाढीची जनुके. बिघडली की कर्करोगाला हातभार लावणारी. प्रश्न असा की त्या नेमक्या जनुकाची रिळे त्या नेमक्या वेळी उघडली का, हे ओळखायचे कसे? ऑल्फ्रीने पाऱ्याचा उपयोग केला. हिस्टोनांपैकी एकाच्या पोटात गंधकाचा एक अणू दडलेला असतो. रीळ घट्ट असते तोवर तो आत झाकलेला राहतो. रीळ उकलले की उघडा पडतो. आणि गंधक पाऱ्याला चिकटते. (आपल्या रसशास्त्राला हे नाते हिंगुळाच्या रूपाने फार जुने ओळखीचे आहे, म्हणून मला या प्रयोगाबद्दल थोडा पक्षपात आहे.) पेशींतली रिळे पारा लावलेल्या स्तंभातून ओतली की उकललेली तेवढी अडकतात, मिटलेली वाहून जातात. अडकलेल्यांत कोणते जनुक आहे ते पाहायचे. निकाल असा: सी-फॉस जागे असतानाच त्याची रिळे पाऱ्याला अडकली, ते शांत झाले तशी ती पुन्हा मिटली. सी-मिकचे तसेच, त्याच्या त्याच्या वेळापत्रकाने. म्हणजे क्रोमॅटिन हे एकदा फोडले की फुटले असे मोहरबंद पाकीट नव्हे. ते मिनिटांच्या हिशेबाने उघडते आणि मिटते. १९९१ मध्ये लंडनमध्ये महादेवन यांच्या गटाला दिसले की वाढीचा निरोप पोचताच काही मिनिटांत हिस्टोनांवर फॉस्फेटचाही गट चढतो. निरोप पेशीच्या दाराशी येतो, आणि तो सर्वात आतल्या खोलीतल्या रिळापर्यंत इतक्या तातडीने पोचतो.

कर्करोगाचा उल्लेख आला म्हणून एक नाव इथे घ्यायलाच हवे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल समर्थ, पुढच्या कमल रणदिवे, यांचे एम.एस्सी.चे संशोधन १९४३ चे, सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. तिथून त्या मुंबईला वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली गेल्या (खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे, सिंधुदुर्ग पुन्हा एकदा) आणि उंदरांतील स्तनांच्या कर्करोगाकडे वळल्या. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. सीताफळाच्या फुलातली रंगसूत्रे मोजणारी मुलगी बेबंद वाढीच्या प्रश्नापर्यंत पोचते, हा प्रवास पुढे क्रोमॅटिनच्या जगाने जो केला त्याच दिशेचा आहे. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, इथे एवढेच.

आता पुण्यातला धागा पुन्हा हाती घेतो.

कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द घडवला आणि १९५७ मध्ये त्याला एक चित्र दिले: डोंगरमाथ्यावरचा एक चेंडू, आणि खाली फुटत जाणाऱ्या दऱ्या. पेशी त्या चेंडूसारखी. जसजशी खाली घरंगळते तसतशी तिची दरी ठरत जाते. आंबोलीच्या घाटातून खाली पाहणाऱ्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. या वॉडिंग्टनबरोबर एडिंबरोत १९५० च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणावर काम करणाऱ्यांत एक मराठी नाव होते, लीला मुल्हेरकर. त्या परतल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी विकासजीवशास्त्राची परंपरा रुजवली. त्या परंपरेत तयार झालेले सुरेंद्र घासकडबी पुढे आघारकर संस्थेत आले आणि तिथे कोंबडीच्या भ्रूणासोबत हायड्राचाही अभ्यास सुरू झाला.

हायड्रा हा गोड्या पाण्यातला, अर्धा-एक सेंटिमीटरचा, नळीसारखा प्राणी. एका टोकाला तोंड आणि भोवती शुंडके. तो जेलीफिशचा नातलग आहे; आघारकरांना कोयनेच्या खोऱ्यात सापडलेला जीव आणि हायड्रा एकाच वर्गात मोडतात. मालवणच्या माणसाने काढलेल्या संस्थेत त्याच्याच जेलीफिशचा चुलतभाऊ येऊन स्थिरावला. हे कुणी योजून केले असे नाही. पण इतिहासात योजून केलेल्या गोष्टींपेक्षा अशाच जास्त टिकतात.

हायड्राची ख्याती त्याला कापण्यावरून आहे. स्वित्झर्लंडच्या आब्राहाम ट्रांब्ले याने १७४० मध्ये त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा पूर्ण प्राणी झाला. लिनियसने त्याला ग्रीक पुराणातल्या, तोडले की डोके फुटणाऱ्या सापाचे नाव दिले. नामकरण आपल्याकडे झाले असते तर तो रक्तबीज ठरला असता. १९०९ मध्ये एथेल ब्राउन या अमेरिकन तरुणीने त्याहून सूक्ष्म गोष्ट केली. तिने एका हायड्राच्या तोंडाजवळचा बारीक तुकडा दुसऱ्याच्या अंगावर बसवला, आमच्याकडे देवगडला हापूसचे कलम बांधतात तसा, आणि तिथे नवे डोके व नवे शरीर उगवले. तिने हिरवा आणि पांढरा असे दोन प्रकार वापरले होते, म्हणून दिसले की नव्या शरीरातला मजकूर बव्हंशी यजमानाचा होता. तुकड्याने फक्त आज्ञा दिली होती. हाच विचार श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये उभयचरांत सिद्ध केला आणि १९३५ चे नोबेल श्पेमानला मिळाले. ब्राउन पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत राहिली. हिल्डे मांगोल्ड तर १९२४ मध्येच वारली होती.

ही आज्ञा म्हणजे काय, याचे रेणूंच्या भाषेतले उत्तर २००० मध्ये आले: डोक्याच्या टोकाशी ‘विंट’ नावाचा संदेश वाहतो. माणसाच्या भ्रूणातही तोच वाहतो. मग प्रश्न असा उरला, की विंटचा निरोप आल्यावर हायड्राच्या पेशींत कोणती सूत्रे उलगडतात. आघारकर संस्थेतील पी. चंद्रमौली रेड्डी, बर्वे आणि घासकडबी यांनी २०११ मध्ये पुण्याच्या परिसरातील हायड्राचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले होते. पुढे रेड्डी आयसर, पुणे येथे संजीव गलांडे यांच्या गटात गेले. गलांडे हे क्रोमॅटिनच्या घडणीचे अभ्यासक. पांढऱ्या पेशींत धाग्याचे लूप बांधून ठेवणाऱ्या सॅटबी-१ या प्रथिनावरचे एकच फॉस्फेट त्याचा उघडझाप करण्याचा स्वभाव कसा बदलते, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले होते. २०२० मध्ये या गटाचा हायड्रावरील शोधनिबंध आला.

त्यात केले असे: हायड्राला एका रसायनाच्या साहाय्याने अंगभर विंटचा निरोप दिला. असे केले की त्याच्या धडावरही डोक्याची लक्षणे उमटू लागतात. मग साऱ्या धाग्यावर कुठे कुठे कोणत्या खुणा बदलल्या ते मोजले. हिस्टोन-३ नावाच्या प्रथिनाच्या शेपटीवरचे सत्ताविसावे स्थान या गोष्टीचे नायक आहे. त्या जागी ॲसिटिल बसले तर जनुकाची वाट मोकळी; त्याच जागी मिथिलचे तीन गट बसले तर बंद. दोन्ही एका वेळी बसू शकत नाहीत. विंटचा निरोप दिल्यावर डोके घडवणाऱ्या जनुकांच्या दूरस्थ नियंत्रकांवर ॲसिटिल वाढलेले आढळले. आणि मिथिल पुसून टाकणाऱ्या प्रथिनाला औषधाने अडवले, तेव्हा निरोप असूनही त्याचा परिणाम नीट उमटेना. म्हणजे नवे लिहिण्याआधी जुने खोडावे लागते. अक्षाची, म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ या भेदाची सुरुवात ज्या प्राणिकुळात दिसते तिथेच ही उघडझाप आपल्यासारखी आहे, हे या कामाचे सार.

मी ‘लिहिणे’ आणि ‘खोडणे’ म्हणालो ते आलंकारिक नव्हे. शास्त्रज्ञांची परिभाषाच तशी आहे. हिस्टोनांवर खुणा चढवणारी प्रथिने ‘लेखक’, त्या ओळखणारी ‘वाचक’, काढणारी ‘खोडणारे’. स्ट्राल आणि ॲलिस यांनी २००० मध्ये तर या खुणांच्या ‘संहिते’ची कल्पना मांडली. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हे ऐकून खूश व्हावे की सावध, हा प्रश्न आहे. मी सावध व्हावे या मताचा आहे. वाचकाला अर्थ कळतो, म्हणून तो चुकू शकतो, वाद घालू शकतो. प्रथिनाला अर्थ कळत नाही. त्याचा खाचा बसतो किंवा बसत नाही. भाष्याची माझी उपमाही याच दोषाला पात्र आहे आणि ती मी तेवढ्याच विश्वासाने वापरली आहे.

या रूपकाचा दुसरा, अधिक घातक परिणाम आपल्या अवतीभवती दिसतो. जनुक म्हणजे नशीब ही समजूत ओसरू लागली, तशी तिच्या जागी उलटी समजूत येऊ लागली: सगळे काही लिहिता-पुसता येते. गर्भसंस्काराच्या वर्गांच्या जाहिरातींत आता ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द दिसतो. आईने अमुक ऐकले, तमुक वाचले की बाळाची जनुके ‘चांगली उघडतात’, असे छातीठोकपणे सांगितले जाते. चिलटाच्या अळीतल्या फुगवट्यांवरून, उंदराच्या पेशींतल्या पाऱ्यावरून किंवा हायड्राच्या डोक्यावरून असे काहीही निघत नाही. गर्भार स्त्रीला पोटभर अन्न, विश्रांती आणि वेळेवर दवाखाना मिळावा हे सांगायला क्रोमॅटिनची गरज नाही. आणि बाळ अपेक्षेसारखे निघाले नाही की दोष पुन्हा आईच्याच माथी मारण्याची सोय मात्र या नव्या शब्दाने उत्तम होते. वॉडिंग्टनच्या चित्रात चेंडूला ढकलणारा हात काढलेला नाही, हे विसरले जाते.

शिवाय खुद्द शास्त्रातही प्रश्न मिटलेला नाही. १९६६ च्या घेवड्याच्या प्रयोगाने सुचवले होते की गाठ आधी सैल होते, वाचन नंतर. अनेक वर्षे असे मानले गेले की खूण हे कारण आणि जाग हे कार्य. पण २०२० मध्येच, उंदराच्या मूलपेशींत त्या सत्ताविसाव्या स्थानावर ॲसिटिल बसूच नये अशी व्यवस्था करून पाहण्यात आली, आणि बहुतांश जनुके तरीही चालू राहिली. मग ती खूण कारण म्हणायची, की काम चालू आहे याची निशाणी, दारावर लावलेल्या तोरणासारखी? मिथिलच्या बाबतीत उत्तर वेगळे असू शकते. हायड्रात पुसणे अडवले तेव्हा काम अडले. खूण आणि कृती यांच्यातला हा पेच हिस्टोनांच्या बाबतीत अजून खुला आहे, आणि मला स्वतःला तो सुटल्याच्या घोषणेपेक्षा खुला असलेलाच अधिक विश्वासार्ह वाटतो.

कोयनेच्या खोऱ्यात आघारकर हिंडले, त्यानंतर अर्ध्या शतकाने धरण झाले आणि खोऱ्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. गोड्या पाण्यातली जेलीफिश मात्र सह्याद्रीच्या पाण्यांत अधूनमधून दिसल्याच्या नोंदी त्यानंतरही होत राहिल्या आहेत. एखाद्या वर्षी ती दिसते, मग कित्येक वर्षे दिसत नाही. त्या मधल्या काळात ती तळाच्या दगडाला चिकटलेल्या, मिलिमीटरभर आकाराच्या, हायड्रासारख्याच दिसणाऱ्या रूपात असते, आणि पाणी, ऊब व अन्न जुळून आले की त्या रूपाला छत्रीच्या कळ्या फुटतात. सूत्र दोन्ही रूपांत तेच असते.